दुकानाचं दार आणि दुकानदाराचा देव

आमच्या आप्पांचा छापखाना होता, सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. आधी ट्रेडल मशीन आणि शिशाचे खिळे, नंतर स्क्रीन प्रिंटिंग, पण धंदा मुख्य लग्नपत्रिकांचाच. मार्च-एप्रिलला शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथेच, प्रुफं वाचायला, कारण आप्पांचा नियम होता की नवरा-नवरीचं नाव दोन माणसांनी वाचल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. त्यामुळे गावातली निम्मी लग्नं माझ्या नजरेखालून जायची. वर गणपती आणि खाली "आमच्या येथे श्रीकृपेकरून", वर ७८६ आणि खाली निकाहची वेळ, वर पिंपळपानावर बुद्ध आणि खाली "मंगल परिणय", वर्षाकाठी एखादी क्रॉसवाली. आप्पा माळकरी होते. आषाढीला पायी जायचे, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, घरात अंडंसुद्धा आलेलं चालायचं नाही. पण स्टँडसमोरच्या मटण खानावळीची बिलबुकं आमच्याकडेच छापली जायची आणि त्याबद्दल त्यांनी कधी का-कू केलेलं मला आठवत नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक केक. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात लेकवुड म्हणून गाव आहे, तिथे २०१२ च्या जुलैमध्ये दोन पुरुष आपल्या लग्नाच्या पार्टीचा केक सांगायला एका बेकरीत गेले. बेकरीवाला म्हणाला, वाढदिवसाचा केक देतो, कुकीज देतो, पण दोन पुरुषांच्या लग्नाला केक करून देणं माझ्या ख्रिस्ती श्रद्धेत बसत नाही. केकवर काय लिहायचं, रंग कुठला, फुलं कसली, यातलं काहीच बोलणं झालं नव्हतं, दोन मिनिटांत विषय संपला. राज्याच्या भेदभावविरोधी कायद्याखाली तक्रार झाली, तिथे बेकरीवाला हरला, मग प्रकरण वर वर जात सुप्रीम कोर्टात पोचलं आणि जून २०१८ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी तो जिंकला. पण जिंकला कशावर, तर राज्याच्या आयोगातली मंडळी सुनावणीत त्याच्या धर्माबद्दल तुच्छतेने बोलली होती, त्याला निष्पक्ष वागणूक मिळाली नाही, एवढ्यावर. मूळ प्रश्न, की देवाचं नाव सांगून गिऱ्हाईक परत पाठवता येतं का, तो कोर्टाने तसाच ठेवला.

तेव्हा आपल्याकडेही बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की त्याचं दुकान त्याची मर्जी, जबरदस्ती कसली करता. मला हे पटत नाही आणि का पटत नाही तेच सांगायचंय, पण त्याआधी त्या बेकरीवाल्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो माणूस ढोंगी नव्हता. तो हॅलोविनचे केक करत नाही, दारू घातलेले पदार्थ करत नाही, धंद्याचं नुकसान सोसून करत नाही. श्रद्धेपायी पैशावर पाणी सोडणारा माणूस मला परका वाटत नाही, मी अशाच माणसाच्या घरात वाढलेय. आणि सरकारी कमिटीत बसून कोणी त्याच्या श्रद्धेला नावं ठेवली असतील तर कोर्टाने त्यांना झापलं ते बरोबरच केलं.

पण त्याच्याच उदाहरणात फरक दिसतो बघा. हॅलोविनचा केक तो कोणालाच देत नाही. म्हणजे ती वस्तूच त्याच्या दुकानात नाही. लग्नाचा केक मात्र दुकानात आहे, रोज विकला जातो, फक्त ह्या दोघांना नाही. माझं म्हणणं एवढंच की काय विकायचं ते दुकानदाराच्या देवाने खुशाल ठरवावं, पण जे विकायला मांडलंय ते कोणाला द्यायचं हे ठरवायला देवाला मध्ये आणू नये. शुद्ध शाकाहारी हॉटेलवाल्याकडे जाऊन मी मटण मागू शकत नाही, तो नाही म्हणाला तर तो माझा अपमान नाही. पण त्याचीच थाळी तो मला माझं आडनाव ऐकून नाकारत असेल तर तो अपमान आहे, मग त्याने कितीही हात जोडून नाकारू दे. एकच प्रश्न विचारायचा, हीच वस्तू ह्याच भावात दुसरा कोणी मागायला आला असता तर दिली असती का. दिली असती, तर अडचण वस्तूची नाही, समोरच्या माणसाची आहे.

हा प्रश्न बेलफास्टच्या केसला लावला तर उत्तर उलट येतं, आणि ते मला मान्य आहे. तिथे २०१४ मध्ये एका गिऱ्हाइकाने केकवर समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या असा मजकूर लिहून मागितला, बेकरीवाल्यांनी हा मजकूर आमच्या श्रद्धेविरुद्ध आहे म्हणून ऑर्डर परत केली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने बेकरीच्या बाजूने निकाल दिला. का, तर हाच मजकूर दुसऱ्या कुठल्याही माणसाने, चार पोरांच्या बापाने आणला असता तरी त्यांनी नाकारलाच असता. त्यांचं भांडण वाक्याशी होतं.

इथे मला आप्पा आठवतात. पालिकेच्या निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात एक जण रात्री शटर अर्धं खाली आल्यावर आला, हातात हाताने लिहिलेला कागद, पाच हजार पत्रकं पाहिजेत, पैसे आगाऊ. गावातल्या एका समाजाबद्दल त्यात काय काय लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. आप्पांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, कागदाची घडी घालून त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाले, हे माझ्या मशीनवर चढणार नाही. तो आमच्याच भावकीतला, नात्याने पुतण्या लागणारा. काका, तुमचं काय जातंय, नाव तर तुमचं येणार नाही, असं म्हणून त्याने दहा मिनिटं खाल्ली. त्यानंतर त्याच्या गटाची सगळी कामं, पावती पुस्तकं, गणपती मंडळाचे अहवाल, दुसऱ्या प्रेसला गेली ती गेलीच. पण पुढच्या वर्षी त्याच माणसाच्या बहिणीची पत्रिका आमच्याकडे आली तेव्हा ती छापली, नेहमीच्याच भावात. कागदावर काय चढणार हे ठरवायचा हक्क त्यांनी वापरला आणि माणसाला दारात उभं करायचं की नाही हा प्रश्न कधी निघालाच नाही. मजकूर नाकारायचा हा हक्क प्रत्येक छापणाऱ्याला, लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला असला पाहिजे आणि तो कोणी काढून घ्यायला लागलं तर मी त्याच्या विरोधातही इतक्याच जोरात बोलेन.

अवघड जागा मधे आहे, हे मी मान्य करते. कोलोरॅडोच्याच एका वेबसाइट बनवणाऱ्या बाईंच्या केसमध्ये जून २०२३ ला अमेरिकन सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की वेबसाइट बनवणं हे बोलणंच आहे आणि न पटणारं बोलायला राज्य भाग पाडू शकत नाही. बाईंनी तोवर लग्नाच्या वेबसाइटचं काम सुरूही केलं नव्हतं, सुरू केलं तर काय होईल म्हणून आधीच कोर्टात गेल्या होत्या. तत्त्व म्हणून ठीक आहे, पण मग फोटोग्राफर पण कलाकार, मेंदीवाली पण कलाकार, मंडप सजवणारा, बँजोवाला, रांगोळीवाली, उद्या केस कापणाराही म्हणेल माझी कात्री म्हणजे माझी अभिव्यक्ती. नाव, तारीख आणि हॉलचा पत्ता टाकायचाय, त्यात तुमचं मत कुठे आलं? भटजीबुवांचं वेगळं, मौलवींचं, पाद्रींचं वेगळं, ते जे करतात तोच धर्म आहे, तिथे राज्याने नाक खुपसू नये. पण हॉल भाड्याने देणारा काही लग्न लावत नाही.

आणि अमेरिकेत ही वाट आधी कुठे गेली होती तेही बघा. साउथ कॅरोलायनामध्ये बार्बेक्यू खानावळींची एक साखळी होती, मालकाचं म्हणणं की काळे आणि गोरे एकत्र बसून खाणं देवालाच मान्य नाही, त्यामुळे काळ्या माणसाला आत बसायचं नाही, काही ठिकाणी फार तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून पार्सल मिळायचं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हे बंद केलं तेव्हा मालक म्हणाला हा कायदा माझ्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचा हा बचाव सरळ पोकळ म्हणून बाजूला टाकला. आज तो मालक कोणालाही चुकीचाच वाटेल, पण त्याची श्रद्धा खोटी होती असं कोणी सिद्ध केलं नव्हतं. खरी श्रद्धा असली म्हणून दुसऱ्याला खिडकीशी उभं करायचा परवाना मिळत नाही, इतकंच ठरलं होतं.

खिडकीतून पार्सल वाचलं आणि माझ्या डोळ्यासमोर आली ती खेड्यातल्या हॉटेलाबाहेर खुंटीला अडकवलेली वेगळी कपबशी. ती कोणासाठी असायची हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही, ज्याने प्यायचं त्यानेच धुऊन परत अडकवायची, पैसे मात्र तेवढेच. अमेरिकेतल्या केकवर मराठीत बोलायचं कारण मला हेच वाटतं की हा प्रश्न आपल्याकडे त्यांच्या कितीतरी आधी आणि कितीतरी निर्दयपणे येऊन गेलाय, त्याचं उत्तरही आपल्याच मातीतल्या माणसाने लिहून ठेवलंय, आणि आपण मात्र तो परदेशी वाद असल्यासारखे बोलतो.

बाबासाहेबांचं लहानपण साताऱ्यात गेलं. त्या साताऱ्यात न्हावी भरपूर, पण ह्या पोरांचे केस कापायला एकही तयार नाही, मोठी बहीण घरी केस कापायची. म्हशी भादरणारे हात माणसाच्या पोराला लागत नव्हते. पुढे परदेशात शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीला गेले तर राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेत खोटं पारशी नाव सांगून राहिले आणि थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेली माणसं जिन्यात उभी. त्या लोकांची तक्रार धर्माचीच होती, आमची जागा विटाळली. मग १९२७ चं महाड. २० मार्चचं चवदार तळं सगळ्यांना माहीत असतं, पण त्या परिषदेला प्यायचं पाणी चाळीस रुपये मोजून विकत आणावं लागलं होतं हे कमी जणांना माहीत असतं. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली तेव्हा गावात मांडव घालायला जागा मिळेना, शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली, आणि महाडच्या व्यापाऱ्यांनी व्यवहार बंद केल्यामुळे धान्यसामान बाहेरून आणावं लागलं. म्हणजे तळ्याबरोबरच महाडची लढाई दुकानाचीही होती. हातात पैसे आहेत, दुकानात तांदूळ आहे, आणि तांदूळ मिळत नाही.

आणि कोर्टात दावा लावणाऱ्या सवर्ण मंडळींचा युक्तिवाद काय होता, तर तो आजच्याच वळणाचा. तळं खाजगी आहे, चौधरी मंडळींच्या मालकीचं आहे, आणि अस्पृश्यांना येऊ न देणं ही आमची पूर्वापार रूढी आहे. आमची मालमत्ता, आमचा धर्म. हा दावा दहा वर्षं चालला, १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अशी रूढी सिद्ध होत नाही, आणि तळं मोकळं झालं.

मग तोच माणूस घटना लिहायला बसला. कलम १५ चा दुसरा भाग वाचा, त्यात दुकानं आहेत, उपाहारगृहं आहेत, हॉटेलं आहेत, करमणुकीच्या जागा आहेत, आणि विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आहेत. ह्या यादीत मला सातारा, बडोदा आणि महाड एकामागोमाग दिसतात. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत विचारणा झाली की दुकान म्हणजे नेमकं काय काय धरायचं, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलं की इथे दुकान हा शब्द नुसता आत पाऊल ठेवण्यापुरता वापरलेला नाही, मोठ्या अर्थाने वापरलाय, अटी मान्य असतील तर सेवा द्यावी लागेल. अमेरिकेच्या मूळ घटनेत असं काही नाही, त्यांना ते कायदे करून आणावं लागलं, आपल्याकडे ते पहिल्या दिवसापासून मूलभूत हक्कांत आहे.

बरं, मग धर्मस्वातंत्र्याचं काय, तेही मूलभूतच की, असं कोणी म्हणेल. कलम २५ ची सुरुवात बघा, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना आणि मूलभूत हक्कांच्या या भागातल्या इतर तरतुदींना अधीन राहून हे स्वातंत्र्य दिलंय. या भागातच कलम १५ आहे. म्हणजे माझ्या धर्माचं स्वातंत्र्य तुमच्या दुकानात यायच्या हक्काच्या खाली बसवलेलं आहे, मुद्दाम, विचार करून. ज्या देशात धर्माच्या नावावर पाणी नाकारलं गेलं त्या देशात ही ओळ कोणी सहज लिहिलेली नाही.

इथे मला आमच्या छापखान्याचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नमुन्याच्या पत्रिकांचे आमच्याकडे दोन अल्बम होते. वरच्या खणात जाडजूड मखमली कव्हरचा, त्यात गणपती, विठ्ठल-रुक्मिणी, सोनेरी तोरणं. खालच्या खणात एक बारीक अल्बम, त्यात ७८६ आणि बुद्धाच्या पत्रिका, कागदही जरा हलका. आप्पा नाव-गाव विचारायचे आणि त्याप्रमाणे खण उघडायचे. मी पण तसंच करायला शिकले होते, न सांगता. एकदा शेजारच्या गावातले एक गुरुजी मुलीची पत्रिका सांगायला आले, आप्पांनी आडनाव ऐकलं आणि खालचा अल्बम काढला. गुरुजींनी तो चाळला, बंद केला आणि शांतपणे म्हणाले, वरचा पण दाखवा की, कागद तरी बघू. आप्पांनी दिला. त्यांनी तो सोनेरी कडेचा कागद बोटांनी चाचपला, त्याच्यावर बुद्ध छापता येईल का विचारलं, आप्पा म्हणाले येईल की. मग जाताना ते म्हणाले, आम्हाला विचारून द्यायचं, आधीच ठरवून नाही. त्या रात्री जेवण झाल्यावर आप्पांनी दोन्ही अल्बमची शिवण उसवली आणि मला पुढ्यात बसवून एकच अल्बम केला, गणपतीमागे बुद्ध, त्यामागे ७८६, परत गणपती. कोणाला काही नाकारायचं त्यांच्या मनातसुद्धा नव्हतं आणि तरी ते चालू होतं, म्हणून मला वाटतं की हे दुकानदाराच्या चांगुलपणावर सोडून भागत नाही.

कायद्यात हे किती आलंय? कमी आलंय, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. घटनेने हक्क दिला पण तो मोडला तर शिक्षा काय हे वेगवेगळ्या कायद्यांत तुकड्यातुकड्याने आलं. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, त्याचं सहावं कलम सांगतं की अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला माल विकायला किंवा सेवा द्यायला नकार दिला तर एक ते सहा महिने कैद. छान. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, आणि तो करणारं आपलं राज्य पहिलं. कोकणात वाळीत टाकलेल्या घरांचे हाल ज्यांनी बघितलेत त्यांना विचारा, किराणावाला देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, पोराला कोणी खेळायला घेत नाही. पण तो कायदा बोलतो एका समाजाच्या आतल्या बहिष्काराबद्दल, जातपंचायत आपल्याच माणसाला टाकते त्याबद्दल. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींना वस्तू आणि सेवा नाकारायला मनाई केली, तीही चांगली गोष्ट. आता ह्या सगळ्यांच्या मधोमध जी मोकळी जागा राहिली तिथे कोण उभं आहे बघा. मुसलमान म्हणून सेवा नाकारलेला माणूस, ख्रिश्चन म्हणून नाकारलेला, उद्या एखाद्या गल्लीत हिंदू म्हणून नाकारलेला. त्याने पोलीस स्टेशनला जाऊन कुठलं कलम सांगायचं? कलम १५ सांगितलं तर हवालदार म्हणणार हायकोर्टात जा. दोन हजाराच्या कामासाठी हायकोर्टात कोण जाणार आहे.

घराचं तर विचारूच नका. पुण्यात माझ्या ऑफिसातल्या एका मुलीसाठी मी फ्लॅट बघत होते, एजंट फोनवर एकदम गोड, दोन बीएचके आहे मॅडम, गॅलरी आहे, आजच बघून घ्या, आणि मग, नाव काय म्हणालात मॅडमचं? मी नाव सांगितलं. पलीकडे दोन सेकंद काहीच नाही, नंतर, ओनरचे नातेवाईक येणारेत मॅडम, विसरलोच होतो. असे एका आठवड्यात चार ओनरचे नातेवाईक आले. ती मुलगी माझ्यासमोर बसून चौथ्या फोनला हसली, आणि ते हसू मला अजून टोचतं. २०२३ च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना मराठी म्हणून ऑफिसला जागा नाकारली तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला होता, मी पण उठले होते आणि बरोबरच होतं ते. पण तोच दरवाजा रोज दुसऱ्याच्या तोंडावर आपल्यातलेच लोक लावतात तेव्हा आपण त्याला ओनरची चॉइस म्हणतो. सोसायट्यांच्या बाबतीत तर सुप्रीम कोर्टानेच २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या केसमध्ये मान्य केलं की सभासद फक्त पारशी असावेत असा पोटनियम सहकारी संस्था करू शकते. पारशी समाज छोटा, त्यांची काळजी मला कळते, पण त्या निकालाची सावली सगळ्या शहरांवर पडली.

दुसरं दुकान आहे की, असं मला नेहमी ऐकवतात, एकाने नाही दिलं तर शेजारी जा. शहरात असेल दुसरं दुकान, आमच्या तालुक्याला त्या काळी दोन छापखाने होते आणि खेड्यात गिरणी एकच असते. आणि दुसरं दुकान असलं तरी ज्या पोराच्या समोर त्याच्या बापाला नाही म्हटलं गेलं ते पोर पुढच्या प्रत्येक दुकानात शिरताना आधी मालकाचा चेहरा बघतं.

गिऱ्हाइकाचं काय, त्याने ठरवलं की अमक्या धर्माच्या दुकानातून घेणार नाही, तर? एकट्या माणसाला मी काही म्हणू शकत नाही, त्याने कुठून भाजी घ्यावी हे कायदा सांगू शकत नाही आणि सांगूही नये. २०१९ मध्ये जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने डिलिव्हरीवाला हिंदू नाही म्हणून झोमॅटोची ऑर्डर रद्द केली, कंपनीने माणूस बदलून दिला नाही, मला ते वागणं आवडलं, पण त्या गिऱ्हाइकाला तुरुंगात टाका असं मी म्हणणार नाही. प्रश्न येतो तो अशा निवडीमागे सरकार किंवा गाव उभं राहतं तेव्हा. जुलै २०२४ ला उत्तर प्रदेश सरकारने कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या ढाबेवाल्यांना मालकाची आणि नोकरांची नावं पाटीवर लावायला सांगितलं, सुप्रीम कोर्टाने २२ जुलैला त्याला स्थगिती दिली, म्हणालं जेवण शाकाहारी की मांसाहारी ते लिहायला सांगा, नावं लिहायची सक्ती नको. वर मी म्हटलं तीच रेघ आहे ही, ताटात काय आहे ते विचारा, ताट कोणी वाढलं त्याचा धर्म विचारू नका. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या कानिफनाथ यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत असा ठराव ग्रामसभेत झाला. पुढच्याच महिन्यात मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणासाठी मल्हार सर्टिफिकेट आणलं, तेही फक्त हिंदू मटणवाल्यांसाठी. झटका पाहिजे की हलाल पाहिजे हा खाणाऱ्याचा प्रश्न आहे, त्याची पाटी जरूर लावा, कोणाचा धर्म त्यात दुखावण्याचं कारण नाही. पण विकणारा हिंदूच पाहिजे म्हटलं की ती मटणाची पाटी राहत नाही. आणि मढीला पाल ठोकणारा बांगडीवाला बांगड्याच विकतो, त्यात हिंदू बांगडी आणि मुसलमान बांगडी असं काही नसतं.

मला काय पाहिजे ते अगदी बारीक आहे. शशी थरूर यांनी भेदभावविरोधी विधेयक खाजगी सदस्य म्हणून लोकसभेत मांडलं होतं, २०१६ चं, ते पुढे सरकलं नाही. एवढं मोठं विधेयक राहू दे, आपल्या हातात एक तयार वाक्य आहे. १९५५ च्या कायद्याचं सहावं कलम म्हणतं की नेहमीच्या धंद्यात इतरांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी, ज्या अटींवर माल किंवा सेवा दिली जाते त्याच वेळी, त्याच ठिकाणी, त्याच अटींवर ती नाकारली तर गुन्हा. इतकं नेमकं वाक्य मी दुसरीकडे वाचलेलं नाही, वस्तू आणि माणूस यातला सगळा फरक त्यात आलाय, मटण न विकणाऱ्याला ते हात लावत नाही आणि मजकूर न छापणाऱ्यालाही नाही. फक्त त्यातलं कारण एकच आहे, अस्पृश्यता. ते असू दे, आणि त्याच्यापुढे कलम १५ मधले धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान हे शब्द घाला. केंद्राला वेळ नसेल तर महाराष्ट्राने आपल्या २०१६ च्या कायद्यात समाजाच्या आतला ही अट काढून टाकावी. भाड्याच्या घरांना दोन्हीकडे स्पष्ट शब्दांत धरावं. आणि सहाव्या कलमातला दंडही बदला, तिथे अजून शंभर ते पाचशे रुपये लिहिलेत.